आठ खुणांची बाटली

मित्रांनो, मी औषधाची एक जुनी बाटली आहे. माझे आयुष्य सांगण्याजोगे आहे का, याची मला खात्री नाही. पण गोपिकाबाईची गोष्ट माझ्याखेरीज कोणी सांगणार नाही, म्हणून बोलते.

निजामाचे राज्य होते. जालन्याच्या दवाखान्यात औषधासाठी बाटली घरूनच न्यावी लागे. कचरूने मला तशी नेली. राधाकिसन कंपाउंडरने मला गरम पाण्याने धुतले, माझ्यात लोहाचे काळपट औषध भरले आणि आठ खुणा कापलेली कागदी पट्टी माझ्या अंगाला चिकटवली. रोज एक खूण.

कचरूच्या बायकोला, गोपिकाबाईला, पाचवा महिना होता. ओठ पांढरे पडले होते, हंडा उचलताना धाप लागे, आणि ती चोरून चुलीची भाजकी माती खाई.

"जेवण झाल्यावर द्यायचं, बराबर?" राधाकिसनने बजावले. "बाळंतपणाआधी अंगात रक्त भरलं पाह्यजे. न्हाई तर अवघड हाय."

कचरूने घरी तसेच सांगितले. पण त्याची आई साळूबाई देवभोळी. तिने मला देव्हाऱ्यात ठेवले. "दवा म्हंजी तीर्थच. भाकर खाऊन कुनी तीर्थ घेतं व्हय?"

सुनेची आंघोळ झाली की ती माझे बूच काढी. रिकाम्या पोटात लोखंड पडे, पोटात पीळ पडे, आणि घोट तसाच बाहेर येई. मग आधी गडीमाणसे जेवत. गोपिकाबाईची पाळी येईपर्यंत दुपार कले. साळूबाई मनाने वाईट नव्हती, हेही सांगायला हवे. सुनेची पाठ तीच चोळी.

"दात बघ की, गोपे! मिशरी लावली काय?" जाऊ सोनूबाई हसे.

"फुकटात लागून राह्यली, बाई. खिळा चाटल्यावानी लागतंय."

दर बाजाराला कचरू मला भरून आणी. राधाकिसन विचारी, "कसं काय?" कचरू म्हणे, "चालू हाय." परक्या माणसाला बायकोच्या उलट्या कशा सांगायच्या? हळूहळू मलाही वाटू लागले, दोष माझ्यातल्या औषधाचाच असेल.

आठव्या महिन्यात गोपिकाबाई मला पाहूनच तोंड फिरवू लागली. एका बाजाराला मी अर्धी भरलेलीच परत गेले. राधाकिसनने मला उजेडात धरले.

"आठ दिवस झाले न् चार खुणा बाकी?"

कचरूला सगळे सांगावे लागले.

"अरे, मंग तीन महिने जमिनीचंच रक्त वाढून राह्यलं की!" राधाकिसनने कपाळाला हात लावला. त्याने औषध पाण्याने पातळ केले. "सकाळी थोडं, सांजंला थोडं. भाकर पोटात गेल्याबिगर बूच काढायचं न्हाई. बोरूच्या नळीनं प्यायला लाव, दाताला लागत न्हाई."

त्या संध्याकाळी साळूबाईने सुनेला पुरुषांच्या आधी पाटावर बसवले. त्या घरात असे कधी झाले नव्हते. गोपिकाबाईने मान खाली घालून भाकर खाल्ली. औषध पोटात राहिले.

"आत्याबाई, मळमळलं न्हाई," ती सकाळी म्हणाली. साळूबाईने देवाला साखर ठेवली.

असे नऊ दिवस गेले; मधल्या बाजाराला कचरूने मला पुन्हा भरून आणले होते. दहाव्या दिवशी पहाटे वेळेआधीच कळा लागल्या. मूल रडले, पण रक्त थांबेना. सुईण जुन्या लुगड्याच्या घड्या लावत राहिली. अंगात होतेच किती? नऊ दिवसांत भरते ते किती? दुपारपर्यंत गोपिकाबाई संपली.

"म्याच तिला उपाशी पाजलं," साळूबाई म्हणाली.

माझ्यात सहा खुणा औषध शिल्लक होते. ते तिने उकिरड्यावर ओतले. पट्टी भिजवून खरवडली. आता माझ्यात घासलेट असते.

मित्रांनो, मला जपा, असे मी म्हणत नाही. पण घरात कोणी पांढरे पडले असेल, तर औषधाआधी त्याला ताट वाढा. औषध सोसत नसेल, तर लाजू नका, देणाऱ्याला सांगा. दर आठ दिवसांनी मी राधाकिसनच्या हातात असे, आणि मला ते सांगता आले नाही.