खाली लिहिलेलं

अकोल्याच्या एका नर्सिंग कॉलेजात ज्योत्स्नाच्या वर्गाला विकिपीडियावरचे मराठी लेख सुधारायचं काम मिळालं. शब्द वाढवले की गुण वाढायचे, काढले की कापले जायचे. ज्योत्स्नाच्या वाट्याला आलेल्या लेखात आधीच लिहिलं होतं, लेकरानं ॲसिड प्यायलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवावी. तिनं संतापून ते वाक्य खोडलं. ॲसिड जाताना जाळतं आणि येतानाही जाळतं, हे पहिल्याच वर्षी शिकवतात!

"वरचं कावून खोडून राहिली? बरोबर काय ते खाली लिही," सर म्हणाले आणि त्यांनी गुण कापले. तिनं मुकाट वाक्य परत टाकलं, खाली तीन परिच्छेद लिहिले आणि वर्गात पहिली आली.

दिवाळीच्या साफसफाईत दर्यापूरच्या चंदाबाईचं पोरगं संडासाचं ॲसिड प्यायलं. जीपनं अकोल्याच्या दवाखान्यात आणेपर्यंत पोरगं संपलं होतं. ड्युटीवर ज्योत्स्नाच होती.

"उलटी कोणी करवली याला?" ती ओरडली.

चंदाबाईनं मोबाईल पुढे केला. "यात वाचूनच केलं, सिस्टर."

वाक्य तेच होतं.

"अन् खालचं? खालचं नाही वाचलं?"

"पोट्टं तडफडून राहिलं होतं, बाई. खालचं कोण वाचते?"