आमच्यात तिसरं कोण ऐकतं?

ऐकू येतंय का? मी बोलतोय, कमलबाईंच्या घरगाडीतला वायरलेस. काळा डबा, पुढे आकड्यांची चकती आणि वेटोळ्या वायरीला लटकलेला माइक. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. काम एवढंच, पण माणसांना ते कधी नीट जमलं नाही. "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का" असं ओरडत बसतात आणि बटण सोडतच नाहीत. समोरच्याने उत्तर द्यायचं तरी कसं?

कुठल्या कारखान्यात माझी जुळणी झाली ते मला ठाऊक नाही. मला जाग आली ती जळगावच्या एका दुकानात. शेजारी हुबेहूब माझ्यासारखाच दुसरा संच होता, माझा जुळा भाऊच म्हणा. आम्हा दोघांना वनाभाऊ आणि त्यांची बायको कमलबाई घेऊन गेले.

वनाभाऊंचा आकाशपाळणा होता. दसऱ्यानंतर घर सोडायचं आणि या जत्रेतून त्या जत्रेत फिरायचं. दोन ट्रक होते. पुढच्यात पाळण्याचं लोखंड. तो वनाभाऊ चालवत. मागची ती घरगाडी. तिच्या हौद्याला फळ्या ठोकून खोली केलेली, आत खाट, स्टो, पाण्याचा पिंप. ती चालवायचा कौतिक, कमलबाईंचा धाकटा भाऊ.

आदल्या साली दोंडाईचाच्या अलीकडे घरगाडीचा आस तुटला होता. वनाभाऊंना पत्ताच नाही, ते आपले पुढे निघून गेले. तापाने फणफणलेल्या कमलबाई भर उन्हात रस्त्याकडेला बसून राहिल्या. बऱ्या झाल्यावर त्यांनी नवऱ्याला बजावलं, "आते दोन्ही गाड्या एकमेकसंगे बोल्या पाहिजेत. नही त मी घरगाडीमा पाय ठेवस नही."

म्हणून आम्ही आलो. भाऊ पुढच्या ट्रकमध्ये, मी घरगाडीच्या केबिनमध्ये.

दिवस संशयाचे होते. ठिकठिकाणी बॉम्बच्या बातम्या, आणि वायरलेस म्हटलं की लोकांचे कान टवकारायचे. सोनगीरजवळच्या नाक्यावर हवालदाराने मला बोटाने टोचून पाहिलं. "कोणाशी बोलता यावरून?" कौतिक म्हणाला, "पुढच्या गाडीशी, साहेब. आमचे दाजी आहेत." हवालदाराला ते पटेना. परवाना दाखवला तरी त्याने घरगाडीतली गादीसुद्धा उलटी करून पाहिली. मागे गाड्यांची रांग लागली होती. त्या रांगेतून एक माणूस जीपमधून उतरला, माझ्या आकड्यांच्या चकतीकडे बराच वेळ बघत राहिला आणि परत जाऊन बसला. मला तो आवडला नाही. तो रूपचंद होता. त्याचाही पाळणा होता, वनाभाऊंच्या पाळण्यापेक्षा नवा.

त्यानंतर एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. आम्ही जिथे जाऊ तिथे रूपचंद आधीच पोचलेला. जत्रेच्या तोंडाशी, देवळाच्या वाटेवरची मोक्याची जागा त्याने धरलेली, आणि आमचा पाळणा मागे, गुरांच्या बाजाराकडे. एकदा झालं, दोनदा झालं. मग वनाभाऊ विचार करायला लागले. कुठे जायचं, कधी निघायचं हे ते फक्त कौतिकला सांगत, तेही माझ्यावरूनच. मग बाहेर जातं कसं?

मला वेगळाच संशय येत होता. दोघांचं बोलणं संपलं की कधीकधी माझ्यात 'खट्' असा आवाज यायचा. कोणीतरी चुकून बटण दाबल्यासारखा. त्यामागे जीपचा हॉर्न, कुणाचं तरी खोकणं, मग गप्प. माझ्या भावाचा तो आवाज नव्हता. आमच्यात तिसरं कोणीतरी होतं. माझ्यावर बोललेलं काही एकाच कानाला जात नाही. तसाच डबा घेऊन तोच आकडा लावला की कुणालाही ऐकू येतं. दुकानदाराने हे सांगितलंही होतं. पण तेव्हा वनाभाऊ माइकचा हूक कुठे ठोकायचा ते बघत होते.

तो 'खट्' कौतिकनेही ऐकला होता. "दाजी, यात कोनी तरी शे," तो एकदा म्हणाला. वनाभाऊंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने तो विषय पुन्हा काढला नाही.

पारोळ्याजवळ एकदा कौतिक माझ्यावरून म्हणाला, "दाजी, इंजिन तापी ऱ्हायनं. पाणी टाकाले थांबस." त्या थांबण्यात उशीर झाला आणि पोचलो तेव्हा रूपचंदचा पाळणा फिरत होता. त्या दिवसापासून वनाभाऊ कौतिकच्या ताटाशेजारी जेवायला बसेनात. कमलबाई दोघांना वाढायच्या, एकदा इकडे बघायच्या, एकदा तिकडे. "तो मन्हा भाऊ शे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "म्हनीसनच मी त्याले काही म्हनत नही," एवढंच उत्तर आलं.

कौतिकला कळत होतं. रस्त्याने पूर्वी तो माझ्यावरून गाणी म्हणायचा, पुढच्या गाडीची थट्टा करायचा. आता नुसतं "हां दाजी" आणि "नही दाजी".

मग धुळ्याच्या एकवीरादेवीच्या जत्रेचे दिवस आले. आम्ही कन्नडकडून घाट उतरून चाळीसगावमार्गे धुळ्याला निघालो होतो. सकाळची वेळ होती. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. लोखंडाचा ट्रक पुढे संथ चालला होता. कमलबाई मागे खोलीत होत्या.

कौतिकने ब्रेकवर पाय दिला आणि पाय थेट खाली गेला. त्याने पुन्हा दाबला. काही नाही. मी त्याचा चेहरा बघितला आणि मला सगळं कळलं. त्याने माइक ओढला.

"दाजी, ब्रेक गया! बाजूले व्हा! मन्ही गाडी थांबत नही!"

पलीकडून वनाभाऊंचा आवाज आला, थंड. "आज बी तेच नाटक? रूपचंदनी शिकाडेल शे का तुले?"

"दाजी, पाया पडस! बाजू द्या!"

"तुन्ही बहीनले बोलू दे."

"ती मांगे शे! तिले कशी बोलावू?"

कौतिकने गिअर खाली टाकला. इंजिन किंचाळलं, पण उतार मोठा होता. हॉर्न वाजवत तो स्टिअरिंगला लोंबकळत होता. पुढच्या ट्रकमधून बाहेर आलेले लोखंडी गज जवळ येत चालले होते. मागे भांडी पडल्याचा आवाज आला आणि कमलबाईंची किंकाळी. ती माझ्यात शिरली नाही. कौतिकचं बोट बटणावर नव्हतं.

तेवढ्यात 'खट्' झालं.

"वनाभाऊ, मी रूपचंद बोली ऱ्हायनू!" आवाज घाबरलेला होता. "मी तुमना मांगेच शे. कौतिक खरं सांगस. त्यानी गाडी सुटेल शे. बाजूले व्हा!"

वनाभाऊंना एकाच क्षणात किती गोष्टी कळल्या असतील! पुढच्या वळणावर गाड्यांना पाणी घालायची मोकळी जागा होती. त्यांनी ट्रक तिथे घुसवला. आम्ही गजांना घासून पुढे गेलो. कौतिकने घरगाडी डोंगराच्या अंगाला लोटली. फळ्या फुटत गेल्या, चाकं गटारात गेली आणि आम्ही कलंडून थांबलो.

कमलबाईंचा हात मोडला होता. रूपचंदनेच त्यांना जीपमध्ये घालून चाळीसगावच्या दवाखान्यात नेलं. फुटकी घरगाडी तिथल्याच आवारात ओढून आणली, म्हणून पुढचं मी ऐकलं.

रूपचंद खाली मान घालून म्हणाला, "सोनगीरले तुमना डबा दखा, आन तसाच मी बी लया. तुमनं बठ्ठं बोलनं ऐकू ये. कौतिकनी माले कधी एक शबद सांगा नही."

त्याला गप्प राहता आलं असतं. तो बोलला तेव्हाच त्याची चोरी उघडी पडली. म्हणून मी त्याला पुरता वाईट म्हणू शकत नाही, आणि चांगला म्हणायलाही जीभ रेटत नाही.

वनाभाऊंनी कौतिकपुढे हात जोडले. "माले माफ कर, भो."

कौतिकचे दोन्ही तळहात सोलपटले होते. "मी बोंबलत व्हतू, दाजी. तुमी मन्हं नही ऐकं. रूपचंदनं ऐकं." पिशवी उचलून तो एसटी स्टँडकडे गेला. कमलबाईंना प्लास्टर घालेपर्यंतही थांबला नाही.

त्यानंतर घरगाडी दुरुस्त झालीच नाही. वनाभाऊंनी पाळणा ट्रकसकट विकला आणि पहूरला पिठाची गिरणी टाकली. माझा भाऊ ट्रकबरोबर गेला; तो कुठे असेल, कोणाचं बोलणं ऐकत असेल, देव जाणे. मी फडताळात आहे. माझ्या अंगावर पिठाचा थर आहे, तारांना हिरवा गंज चढलाय. परवाना कधीच संपला. आता चौकात एसटीडीचा पिवळा फलक लागलाय. लोक काचेच्या खोलीत शिरून दार लावतात आणि समजतात, की आता कोणी ऐकत नाही. मला हसू येतं.

गेल्या भाऊबीजेला कौतिक आला. ओवाळून घेतलं, पण बसला ओट्यावरच. वनाभाऊ स्वतः चहा घेऊन बाहेर गेले. त्याने कप घेतला, घोट घेतला आणि म्हणाला, "साखर कमी शे." वनाभाऊ लगबगीने साखर आणायला वळले. मिटलं का? मला खात्री नाही. माझा स्वभावच संशयी.

पण तुम्हाला एक विनवतो. माणसांवर संशय घ्या, माझी ना नाही, मीही घेतो. फक्त मागून कुणी जिवाच्या आकांताने ओरडलं, तर आधी त्याला वाट द्या. खरंखोटं मग रस्त्याकडेला उभं राहून विचारा.

आता बटण सोडतो.