भास्करचा शेरा

प्रल्हादरावांनी ड्राइव्हवेत उभ्या असलेल्या गाडीचं दार आतून ओढून घेतलं, काच बंद असल्याची खात्री केली आणि फोन तोंडाशी धरला. घरात लेकाची, यतिनची मीटिंग चालू होती. शांतपणे थापा मारायला क्वेकर्स हिल या परदेशी उपनगरात त्यांना एवढीच जागा उरली होती.

"भास्कर, ऐक. आज सात मे. एकोणीसशे बेचाळीस साली कोरल समुद्रात, म्हणजे इथून वरच्या अंगाला, अमेरिकेची विमानवाहू बोट यॉर्कटाउन उभी. अंधार पडला. जपानी वैमानिक दमलेले, वाट चुकलेले. ही आपलीच बोट समजून शत्रूच्या बोटीवर उतरायला रांगेत लागले. कॅप्टननं आधी चहा विचारला आणि मग गोळ्या झाडल्या."

चहा तेवढा त्यांच्या पदरचा. बाकी सगळं खरं होतं, पण त्यांच्या तोंडून खरंही कुणाला खरं वाटत नसे.

साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं फाटकाजवळच्या फळ्यावर दिनविशेष लिहिला तो प्रल्हादरावांनी. आणि खाली लाल खडूनं शेरा मारला तो इतिहासाच्या भास्करनं. थाप असली की 'पुरावा?' आणि सनावळी चुकली की 'चूक', दोन रेघा आणि बरोबर तारीख. थाप तो हसून सोडून देई, चूक मात्र त्याला सहन होत नसे. एकदा अंगात ताप असताना, मफलर गुंडाळून, नुसती एक तारीख दुरुस्त करायला तो शाळेत आला होता.

निवृत्तीनंतर फळा फोनवर आला. मग प्रल्हादराव चार महिन्यांसाठी म्हणून लेकाकडे आले आणि कोरोनानं सीमा बंद झाल्यानं चौदा महिने अडकले. या आठवड्यात तर इथल्या सरकारनं भारतातून परतणाऱ्या आपल्याच नागरिकालाही तुरुंगाची भीती घातली होती. तिकडे भास्कर बारा दिवस ऑक्सिजनवर. त्याची मुलगी दीप्ती त्याच्या कानाशी फोन धरून दिनविशेष ऐकवायची आणि तो बोटानं खुणावेल तो शेरा टाइप करून पाठवायची. रोज तोच यायचा, 'पुरावा?'. तो आला की प्रल्हादरावांचा दिवस पुढे सरकायचा.

आज त्यांनी गळा साफ केला आणि शेवटी आणखी एक वाक्य जोडलं.

"आणि या लढाईनंतर सहा महिन्यांनी जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला."

निरोप गेला. त्यांच्या पत्नी चित्रलेखाबाई चहाचा कप घेऊन बाहेर आल्या, तेव्हा प्रल्हादरावांनी काच खाली केली.

"आज काय ठोकलंत?"

"पर्ल हार्बर पुढे ढकललं. एक वर्षभर."

"आजारी माणसाला कशाला छळताय?"

रागावला की भास्करच्या अंगात जोर येतो, असं काहीसं ते पुटपुटले. मास्क ओढून काढेल, डॉक्टर ओरडतील, पण 'चूक' म्हणेलच. दोन रेघा मारायला पोरीला कागद मागेल. बाईंनी कप गाडीच्या टपावर ठेवला. चहावर साय धरली.

पाऊण तासानं फोन थरथरला.

'पुरावा?'

"बघा, आला तुमचा शेरा," बाई म्हणाल्या. आवाजात सुटका होती. "घ्या आता चहा. गार पाणी झालंय त्याचं, दुसरा आणू का?"

प्रल्हादरावांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा लावला. अक्षरं तीच होती, 'चूक' कुठेच नव्हतं. कालही तीच होती. कालचा निरोप त्यांनी वर सरकवून पाहिला, परवाचाही पाहिला. नंतर बराच वेळ ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले, जणू कुठे निघायचं आहे.

"अहो, काय झालं?"

त्यांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहिलं.

'दीप्ती, बाळा, जेवलीस का?'

खुणा निळ्या झाल्या. पलीकडे कुणी लिहायला लागलं, थांबलं, पुन्हा लागलं. समोरच्या घराचा माळी यंत्रानं पानं उडवत होता. त्याचा आवाज बंद झाला तरी उत्तर नव्हतं.

मग आलं.

'नाही, काका. काल सकाळपासून नाही.'

प्रल्हादरावांनी वाकून पलीकडचं दार उघडलं आणि बायकोला आत बसायला खूण केली.