ओले दांडे

धाकट्या भावाला पहिली मुलगी झाली, त्या वर्षी आमच्या घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. कारण मीच होते. रंगकामाच्या ठेकेदाराने शिड्या सांगितल्या आणि जाता जाता मलाही मागणी घातली.

दादाने दोन्हीला एकच उत्तर दिलं, थांबा. दांडे ओले आहेत आणि माणूस अजून नीट पाहिलेला नाही.

आम्ही शिड्या करणारे. पायरीसाठी ओला दांडा बसवला की तो पुढे वाळून आकसतो आणि भोकात खुळखुळतो. दादा दांड्यावर दांडा आपटून आवाज ऐकायचा आणि निम्म्याहून जास्त जळणात टाकायचा. माझी आधीची स्थळंही त्याने अशीच टाकली होती. धाकट्याची बायको, माझी भावजय, म्हणायची, वन्सं, तुम्हालाही वाळत घातलंय की काय. मला हसू येत नसे. मी दादाला पाण्यात पाहत होते. त्याचं ताट आदळूनच वाढायचे.

दादा लाकूड बघायला परगावी गेला. ती संधी साधून धाकट्याने ओले दांडे ठोकून शिड्या पोचत्या केल्या. मला एकदाचं उजवायची त्यालाच घाई होती.

पुढच्या महिन्यात ठेकेदाराने एक शिडी आणून आमच्या अंगणात फेकली. मधला दांडा निसटला होता. शिव्या दादाने खाल्ल्या, कारण नाव त्याचं होतं. धाकटा मान खाली घालून उभा राहिला. दादाने रिकाम्या भोकात बोट फिरवलं.

"वर कोण होतं?"

"होता एक म्हातारा. कंबर मोडली त्याची. माणसं काय, नाक्यावर ढिगाने मिळतात. माझं काम अडलंय, त्याचं बोला."

"नाव काय त्याचं?"

"नाव कोण विचारत बसतं?"

दादाने निसटलेला दांडा माझ्या हातात दिला. "आता तूच सांग," म्हणाला.

मी तो जळणाच्या ढिगात टाकला. ठेकेदाराला काही कळलं नाही. भावजयीला कळलं. ती पोट सावरत आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

त्यानंतर मला मागणी आली नाही. धाकट्याने चूल वेगळी केली. मी दादाचे आभार मानले नाहीत, ताट मात्र आदळेनाशी झाले.

दादा त्या म्हाताऱ्याचा पत्ता शोधत हिंडला. खोली सापडली तेव्हा तिला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, म्हातारा वारला. तिने सांगितलेला दिवस आमच्या घरात मुलगी जन्मली तोच होता, त्याच सकाळी.