राजलक्ष्मीला साखरपाणी

तुर्भ्याला कंपनीच्या लॅबमधला डीप फ्रीझर सुट्टीत बंद पडला आणि राजलक्ष्मी मॅडमचं आयुष्यभर जपलेलं यीस्ट सगळंच्या सगळं मेलं. मॅडम स्वतः वर्षापूर्वीच गेल्या होत्या. जांभळाच्या सालीवर ते यीस्ट त्यांनीच शोधलेलं, आणि ते वाढवायला वाकड्या मानेचा काचेचा चंबूही त्यांनीच घडवून घेतलेला. मानेतल्या पाण्यातून आतला वायू टुक करून बाहेर पडायचा. लॅबभर त्या चंबूचं नावच 'राजलक्ष्मी' पडलं होतं. "ए, राजलक्ष्मी नीट घास," असं कुणी ओरडलं की आधी मॅडमच हसत.

उज्वलाला सगळं त्यांनीच शिकवलेलं. संध्याकाळी ती "येते मॅडम" म्हणायची, आणि मॅडम मान वर न करता पेन्सिलीने काचेवर दोनदा टकटक करायच्या. हाच निरोप.

बाकीची मंडळी फ्रीझरवाल्याच्या नावाने खडे फोडत बसली. उज्वलाला मात्र आठवलं, त्याच यीस्टचा एक चंबू मॅडमच्या घरी आहे. ती तडक जुईनगरला गेली.

मॅडमच्या यजमानांनी, जयप्रकाशकाकांनी दार उघडलं. चंबू ओट्यावरच होता. टुक. टुक. उज्वलाच्या जिवात जीव आला.

"रोज साखरपाणी देतो," काका म्हणाले. "उपाशी ठेवू नका, असं सांगून गेली ना ती. बोललं की उत्तरही देते. काय गं, उज्वला आलीये."

टुक.

एकटा माणूस, असा बोलणारच, असं म्हणून उज्वलाने मनाची समजूत घातली. "काका, थोडं नेऊ? यातून सगळं परत वाढवता येईल."

"थोडं ने. चंबू नको नेऊस बाळा."

लॅबमध्ये तिने थेंबावर निळा रंग घातला. जिवंत यीस्ट रंगत नाही, मेलेलं निळं पडतं. मायक्रोस्कोपखाली सगळं निळं होतं. बशीत पेरलं, तेही तीन दिवसांत उगवलं नाही. यीस्ट सोडा, दुसरा जंतूसुद्धा नाही. मॅडम आज दुसऱ्यांदा गेल्या, असं वाटून तिला रडू कोसळलं. मग एकदम रडू थांबलं आणि अंगावर काटा आला. ते टुक तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

ती परत जुईनगरला गेली. चंबूला कान लावला. आत अगदी शांत होतं.

"सकाळपासून गप्प आहे," काकांचा आवाज कापत होता. "खरं सांग. जिवंत आहे ना गं?"

कंपनीला काय सांगायचं ते तिचं ठरलेलं होतं. पण या माणसाला?

"आहे, काका. फक्त लॅबमध्ये नाही वाढणार. इथेच राहू दे. साखरपाणी चुकवू नका."

काका डोळे पुसत तिला दारापर्यंत सोडायला आले. चपला घालता घालता तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "येते मॅडम."

काका तिच्या शेजारीच उभे होते. आत, रिकाम्या स्वयंपाकघरात, काचेवर पेन्सिल दोनदा वाजली.