साळूबाईंच्या रेडिओतला ट्रक

मित्रांनो, मी जुना झालो हे मला मान्य आहे, पण कुणी मला खेळणं म्हटलं की अजून राग येतो. मी ट्रक आहे. हातभर लांब, लष्करी हिरव्या रंगाचा, आणि हातातल्या पेटीचं बटण दाबलं की लांबून, दोरीशिवाय चालणारा. मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावरच्या एका गावात १९७४ साली हवालदार नाथाजींनी मला बनवलं.

नाथाजी लष्करात वायरलेस दुरुस्त करायचे. पेन्शनीत निघून घरी आले, पण हात स्वस्थ बसेनात. वनस्पती तुपाच्या डब्याच्या पत्र्यातून त्यांनी माझं अंग घडवलं. पुण्याच्या जुन्या बाजारातून सेलवर फिरणाऱ्या दोन छोट्या मोटारी आणल्या. बाभळीच्या लाकडाची चाकं केली आणि त्यांवर फाटक्या चपलांचं रबर ठोकलं. सगळं झालं, पण पेटीचा हुकूम ऐकायला मला कानच नव्हता. तो कान त्यांनी साळूबाईंच्या रेडिओतून काढला.

साळूबाई म्हणजे त्यांची बायको. नाथाजी सरहद्दीवर असताना बारा वर्षं त्यांनी चुलीपुढं बसून सांगली केंद्राची गाणी ऐकत भाकऱ्या थापल्या होत्या. त्या दिवशी शेतातून आल्या, बटण फिरवलं, तर रेडिओ गप्प.

"आवं, ह्यो बोलत का न्हाई?"

"त्यातलं थोडं सामान ट्रकात घातलंय. लय कामाचा हुईल बघ ट्रक."

"कसल्या कामाचा?"

नाथाजींनी याचा विचारच केला नव्हता. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. दारात ताकाचा तांब्या होता. "खळ्यावर ताक पोचवील की," ते म्हणाले.

साळूबाईंनी पदर खोचला. "मग पोचवू दे. संक्रांतीला घरापासनं खळ्यापातूर न सांडता ताक गेलं, तर ठेवा तुमचा ट्रक. सांडलं, तर ह्याला मोडायचं आन माझा रेडिओ हुता तसा करून द्यायचा."

अशा रीतीने माझा जीव एका तांब्याशी बांधला गेला.

घरापासून खळं दोनशे पावलांवर होतं, पण वाट उताराची आणि मातीची. बैलगाड्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या, मधे पाण्याचा पाट, आणि पाटाच्या पुढे एकदम वळण. नाथाजींनी मदतीला शेजारचे लालासाहेब घेतले. लालासाहेबांनी लष्करात वीस वर्षं ट्रक चालवले होते. दोघे शिपाईगडी एकत्र आले आणि त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? मला खऱ्या लष्करी ट्रकासारखं सजवलं. टपावर लोखंडाचं जादा चाक, मागे पाण्याचा डबा, उंच ताडपत्री, नंबरही घातला. सेलांची जड पेटी मागच्या हौद्यात वर बसवली, का तर सेल बदलायला बरी. मीही फुशारून गेलो होतो, खोटं कशाला बोलू?

पहिल्याच वळणावर मी उताणा पडलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. एक चाक चाकोरीत जाई, दुसरं उंचवट्यावर चढे, आणि मी कलंडे. बटण जरा दाबलं की पुढची चाकं पार काटकोनात वळत. त्या पौषात साळूबाईंच्या कोंबड्या जेवढं ताक प्याल्या तेवढं गावात कुणी प्यालं नसेल. लालासाहेब प्रत्येक वेळी मला उचलून म्हणायचे, "रस्ताच खराब हाय, गड्या." मला मात्र रात्रंदिवस पक्कड दिसत होती.

एका सकाळी मी असाच आडवा पडलेला असताना साळूबाई डोक्यावर दोन हंडे घेऊन त्याच वाटेने आल्या. दोन्ही हंडे काठोकाठ, आणि थेंब खाली पडत नव्हता. मला ओलांडून त्या पुढे गेल्या. मग थांबल्या.

"आवं, गाडी उलाळ भरलीया तुमी. मागं येवढं वझं, पुढची चाकं भुईला टेकत्यात तरी का?"

बैलगाडी मागे जड झाली की पुढून उचलली जाते, तिला उलाळ म्हणतात. हे त्या गावात सगळ्यांना कळतं. दोन्ही शिपायांनी एकमेकांकडे पाहिलं.

"वैनी, तुमी कशाला सांगताय?" लालासाहेब हसले. "ह्यो पडला तर रेडिओ तुमचाच हाय."

"व्हय की. पर वाईट भरल्याली गाडी मला बघवत न्हाई."

एवढं बोलून त्या गेल्या. नाथाजींनी मुकाट्याने टपावरचं चाक काढलं, ताडपत्री काढली, पाण्याचा डबा काढला आणि सेल पुढे, अगदी पोटाखाली बसवले. माझी सगळी ऐट गेली. पण त्या दिवशी मी पाटापर्यंत पोचलो.

मग साळूबाईंना राहवेना. पाणी घेऊन येता-जाता त्या काही ना काही बोलून जायच्या. "चाकोरीत कशाला घालताय? मी कडंच्या गवतानं चालती, दिसत न्हाई व्हय?" आम्ही कडेने चालू लागलो. "कासरा येवढा हिसकला तर बैल बी पडंल." नाथाजींनी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी रबराची पट्टी बांधली. आता मी वळताना झटका न देता वळू लागलो. चाकांचा आस दोन बोटं लांब केला. चपलांचं कडक रबर काढून त्या जागी सायकलची ट्यूब चिंध्या भरून चढवली. मग दगडावरून जाताना माझे दात वाजेनासे झाले.

तरीही तांब्या हिंदकळायचाच. संक्रांतीच्या आदल्या दिवशी साळूबाईंनी डोक्यावरची चुंबळ काढली, तीच, हंड्याखाली ठेवायची कापडाची गोल गुंडाळी. हौद्यात ठेवली, वर तांब्या बसवला, आणि भाकरी करायला गेल्या. मला तेव्हा त्यांची माया कळली आणि लाजही वाटली. त्यांचं गाणं माझ्या पोटात होतं.

संक्रांतीला खळ्यावर सगळी भावकी जमली. घरापाशी नाथाजी पेटी घेऊन उभे राहिले, पण बटण काही दाबेनात. तोफांच्या आवाजात तारा जोडलेला माणूस एका तांब्याला भ्याला. त्यांनी पेटी साळूबाईंपुढे धरली.

"तुझ्यापाशीच शिकलाय त्यो. तूच ने."

मित्रांनो, मी मनात म्हणालो, संपलं. एक बटण जोरात दाबलं की रेडिओ त्यांचा. त्यांनी पेटी घेतली, जीभ दातांत धरली आणि माझ्या मागून चालू लागल्या. कडेच्या गवताने, हळू. पाटात उतरताना मी डुललो. त्या थांबल्या. ताक हिंदकळायचं थांबलं, मग पुढे नेलं. वळणावर त्यांनी बटण इतकं अलगद दाबलं की मला ते कळलंही नाही. आणि समोर खळं आलं.

लालासाहेबांनी वाकून पाहिलं. चुंबळीवर दोन ओले ठिपके होते. "वैनी, दोन थेंब सांडल्यात."

साळूबाईंनी तांब्या उचलून आधी नाथाजींच्या हातात दिला.

"भुईवर पडलं तर सांडलं म्हणायचं. ते चुंबळीनं प्यालं."

पुढची चार वर्षं मळणीच्या दिवसांत मी रोज ताक नेलं. मेढ्याच्या शाळेतली मुलं रांगेने बघायला यायची. पण एका पावसाळ्यात मला माळ्यावर ठेवलं आणि पोटातले सेल काढायचे राहिले. ते फुटले, पाणी झालं, तारा गंजल्या. नाथाजींनी मला उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. माझ्यातला कान तेवढा शाबूत होता. तो त्यांनी हलक्या हाताने काढला आणि दोन दिवस खपून रेडिओ जोडला.

"घे. उशीर झाला, पर दिला."

संध्याकाळी सांगली केंद्र लागलं. मी कोपऱ्यात, पत्र्याचा नुसता डबा. साळूबाईंनी दोन गाणी डोळे मिटून ऐकली. मग त्यांनी रेडिओ बंद केला.

"गाणी शेजारच्या बनुबाईच्या दारात बसून तिच्या रेडिओवर बी ऐकायला मिळत्याली. पर बनुबाई काय ताक घेऊन खळ्यावर जायची न्हाई. घाला परत त्याच्यात."

म्हणून मी अजून चालतो. तुमच्याही घरात लाडकी वस्तू असेल. काम झालं की तिच्यातले सेल आठवणीने काढून ठेवा. आणि ती वस्तू घडावी म्हणून घरातल्या कुणी आपली आवडती गोष्ट सोडली असेल, तर तिची आठवण येते का, ते एकदा विचारून घ्या. साळूबाईंना अजून कुणी विचारलेलं नाही. मला विचारता येत नाही, म्हणून मी त्यांचं ताक सांडत नाही.