रांगेतली कोरी जागा

मित्रांनो, मी पिठाच्या पोत्यावर रंगवलेले एक जुने चित्र आहे. शिंगांचे मुखवटे घातलेले सैतान माझ्यात रांगेने नाचत निघाले आहेत. आमच्या ओरुरो या खाणींच्या गावात कार्निवलच्या सणाला हा नाच होतो. नवस बोललेला माणूस तीन वर्षे नाचतो. देवळाच्या दारात मुखवटा काढतो आणि गुडघ्यांवर मारियामातेपुढे जातो.

खाणीत काम करणाऱ्या फोर्तुनातोने लेकीच्या, इल्दाच्या तापासाठी हा नवस केला. ताप उतरला. दोन कार्निवल तो नाचला. तिसऱ्याआधी खाणीने त्याला गिळले. नवस अर्धा राहू नये म्हणून त्याची बायको सातुर्निना मुखवटे करणाऱ्या एझेकियेलकडे गेली. त्याने मला रंगवले आणि रांगेत फोर्तुनातोलाही उभे केले. सातुर्निनाने रीतीप्रमाणे माझ्यावर दारू शिंपडली, रंगीत कागदी फिती बांधल्या. मेल्यावर का होईना, नवरा घरात टिकला, असे शेजारणी म्हणाल्या.

पण पुढच्या कार्निवलला इल्दाला पुन्हा ताप आला. मग दरवर्षी येऊ लागला. त्या दिवसांत घरात नाचणाऱ्याच्या बुटांचे घुंगरू वाजत. माझ्याखाली खाणीतली राखाडी माती सांडलेली असे. सातुर्निना ती मुकाट्याने झाडी. शेवटी तिने मला भिंतीकडे तोंड करून ठेवले. तिथे मला माझ्याच आत कोणीतरी धापा टाकताना ऐकू येई.

इल्दा मोठी झाली. तिने मला वळवले आणि एझेकियेलला बोलावले.

"काका, ह्यात देऊळ कुठंय?"

"पोत्यात जागाच उरली नव्हती, पोरी."

"मग बाबा पोचणार कुठं?"



त्या कार्निवलला अंगात ताप असतानाच ती मला पाठीला बांधून नाचली. देवळाच्या दारापासून गुडघ्यांवर गेली. मारियामातेपुढे माझ्या कापडातून एक लांब श्वास सुटला. इल्दाचा ताप उतरला, तो कायमचा. घरी मला पाठीवरून सोडले, तर रांगेत एक जागा कोरी होती. तिथे कधी रंग लागलाच नव्हता, इतकी स्वच्छ.

आता मी नाचणाऱ्यांच्या मंडळात टांगलेले आहे. चित्र खराब झाले, ती जागा भरून घेऊ, असे लोक म्हणतात. मित्रांनो, माझ्यावरची धूळ कोरड्या फडक्याने पुसा, मला ओलीपासून जपा, पण तिथे रंग लावू देऊ नका. नवा सैतान काढला, तर मुखवट्याआड कोणाला तरी यावे लागेल. आणि पोत्यात देवळाला अजूनही जागा नाही.